साठवलेले बी आणि त्याची उगवण : शिरूर कासार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाची मर्यादा

शेतीच्या इतिहासात जमिनीचा, महसुलाचा आणि पाण्याचा विचार पुष्कळ झाला आहे. बियाण्याचा त्या मानाने फार थोडा झाला आहे. ह्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. जमिनीची मोजणी होते, महसुलाची वही मागे राहते, बारव शतकानुशतके उभी असते. बी मात्र दरवर्षी मातीत जाते आणि आपला पुरावा आपणच नाहीसा करते. उगवले तर ते बी उरत नाही, आणि न उगवले तर कुजून जाते. मागे उरतात ते बियाण्याविषयीचे शब्द. म्हणून ज्या प्रश्नाकडे कृषिशास्त्राने प्रयोगाच्या अंगाने पाहिले, त्याच प्रश्नाकडे शब्दांच्या साक्षीने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रश्न असा : घरात महिनोन् महिने ठेवलेले बी पेरणीच्या दिवशी जिवंत असेल हे शेतकऱ्याने कसे साधले, ते जिवंत आहे हे त्याने कसे ओळखले, आणि त्याची क्षीण झालेली शक्ती वाढवण्यासाठी त्याने काय केले? समुद्रशैवलाच्या अर्कात बी भिजवून त्याची उगवण सुधारण्याचा जो उपाय अलीकडे पुढे आला आहे, तो ह्या तिसऱ्या प्रश्नाचे आजवरचे शेवटचे उत्तर होय. त्याचे मोल ठरवायचे तर आधीची उत्तरे पाहणे भाग आहे.

शिरूर कासार हे सिंदफणेच्या काठचे गाव बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी एकाचे ठाणे आहे. ‘शिरूर’ ह्या नावातील ‘ऊर’ हे अंत्यपद द्राविड भाषांत ‘गाव’ ह्या अर्थाने रूढ आहे. ‘कासार’ हा शब्द संस्कृत ‘कांस्यकार’ ह्यापासून आलेला आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर, लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद ह्यांपासून हे गाव नावातील ह्या धंद्याच्या जोडीमुळे वेगळे ओळखता येते. बालाघाटाच्या रांगा, पर्जन्यछायेचा प्रदेश, कोठे काळी भारी जमीन तर कोठे मुरमाड माळ, खरिपात बाजरी, कापूस, तूर, मूग, उडीद आणि अलीकडे सोयाबीन, रब्बीत ज्वारी व हरभरा, असे ह्या परिसराचे स्वरूप आहे. येथील बहुतेक शेती पावसावर अवलंबून असल्यामुळे वाफसा येतो तेव्हाच पेरावे लागते, आणि एकदा हुकलेला वाफसा पुन्हा येईलच असे नसते. ओलिताच्या प्रदेशात न उगवलेले बी ही गैरसोय असते. येथे ती आपत्ती ठरते. ‘दुबार पेरणी’ हे दोन शब्द मराठवाड्यातील वृत्तपत्रांत जवळजवळ दरवर्षी छापले जातात, ह्यावरूनच तिचे गांभीर्य ध्यानी यावे.

२. साठवणीचे शब्द

मराठीत धान्य ठेवण्याच्या जागांसाठी एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘पेव’ म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. ‘बळद’ म्हणजे घराच्या बांधणीतच सोडलेली साठवणीची बंदिस्त जागा. ‘कणगी’ म्हणजे तुरकाठ्यांची किंवा कामट्यांची विणून शेणामातीने लिंपलेली उभी टोपली. ‘उतरंड’ म्हणजे एकावर एक रचलेल्या मडक्यांची ओळ. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली व दुसरी १८५७ साली निघाली. पेव, बळद, कणगी हे शब्द त्यात नोंदलेले आहेत.

ह्या शब्दांतील भेद प्रमाणापुरता नाही, प्रयोजनाचाही आहे. गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ व शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची रूढी आहे. पेवे खणली जात ती पांढरीत, कारण काळी जमीन पाणी धरते व उन्हाळ्यात भेगाळते. पेवात पुष्कळ धान्य राही. आतील प्राणवायू धान्याच्या श्वसनाने संपत आला की किड्यांची वाढ खुंटे, आणि ह्याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणे जिवावर बेतू शके. परंतु त्या कोंडलेल्या, दमट हवेत धान्य खाण्यापुरते टिकले तरी त्याची उगवणशक्ती टिकत नसे. यास्तव पेरायचे बी पेवातून काढण्यापेक्षा वेगळे ठेवणे श्रेयस्कर होते. ते उतरंडीतील मडक्यात राखेत घोळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, तोंड शेणामातीने बंद करून ठेवले जाई, किंवा निवडक कणसे तशीच आढ्याला, चुलीच्या धुराजवळ टांगली जात. एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुकाळ झाला म्हणजे मराठी माणूस तिचे ‘पेव फुटले’ असे म्हणतो. मडके फुटण्यावरून असा वाक्प्रचार झाला नाही. विपुलतेची खूण पेव, तर जपणुकीची खूण मडके, असे ह्यावरून म्हणता येईल.

राखेचा व निंबाचा उपयोग आज स्पष्ट करता येतो. कोरडी राख किड्याच्या अंगावरील मेणचट आवरण खरवडते व त्याच्या शरीरातील ओल शोषून घेते. ती बियांभोवतीचा ओलावाही काही अंशी शोषते. निंबातील कडू द्रव्ये किड्यांना खाण्यापासून परावृत्त करतात व त्यांच्या वाढीत विघ्न आणतात. धूर किड्यांना दूर ठेवतो आणि चुलीची ऊब कणीस कोरडे राखते. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरिंग्टन ह्यांनी बियाण्याच्या आयुर्मानाविषयी एक स्थूल नियम सांगितला आहे : सुमारे पाच ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की तिचे साठवणीतील आयुष्य साधारणतः दुप्पट होते, आणि तापमान सुमारे पाच अंशांनी उतरले तरीही तसेच घडते. बीडच्या उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते. ते उतरवणे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. ओलावा उतरवणे मात्र होते, आणि त्याची सारी खटपट त्याच दिशेने झाली.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बाजरीचे बी आश्विनाच्या सुमारास घरात येते व ज्येष्ठात पेरले जाते. त्याला थंडी व कोरडा उन्हाळा एवढेच पार करावे लागते. रब्बी ज्वारीचे बी फाल्गुनाच्या आगेमागे घरात येते व भाद्रपद-आश्विनात पेरले जाते. त्याला अवघा पावसाळा घरात काढावा लागतो. पहिल्यास उष्णतेचे भय, तर दुसऱ्यास दमट हवेचे. ज्या ज्वारीवर ह्या प्रदेशाची भाकरी व कडबा ही दोन्ही अवलंबून, तिचेच बी अधिक धोक्याच्या ऋतूतून जात असे. कणसे चुलीवर टांगण्याची रीत ज्वारीच्या बाबतीत का महत्त्वाची होती, हे ह्यावरून उलगडते.

३. बी, दाणा आणि कर्ज

‘बी’ आणि ‘दाणा’ हे एकाच वस्तूचे दोन शब्द आहेत. संस्कृत ‘बीज’ ह्यापासून झालेला पहिला शब्द वस्तूच्या भविष्याकडे पाहतो. दुसरा तिच्या उपयोगाकडे. घरातील धान्य कोठवर ‘बी’ राहील आणि केव्हा ‘दाणे’ होईल हे पावसावर ठरत असे. दुष्काळात राखलेले बी खाऊन टाकावे लागले की पुढील वर्षाची पेरणी सावकाराच्या दारातून सुरू होई.

ह्या व्यवहाराचे शब्दही मराठीने जपले आहेत. ‘सवाई’ म्हणजे घेतलेल्या धान्याच्या सव्वापट परतफेड, ‘दिढी’ म्हणजे दीडपट. रोकडीच्या व्याजाहून हे दर वेगळे, कारण मुदत एका हंगामाचीच असे. आता असे धरू की, शंभरापैकी पंचाहत्तर उगवतील अशा बियाण्याऐवजी पन्नासच उगवतील असे बी पदरी पडले. तेवढीच रोपे उभी करायला दीडपट बी लागेल. आणि ते दिढीने आणले असेल तर मूळ गरजेच्या सव्वादोनपट धान्य परत करावे लागेल. उगवणशक्तीतील घट ही कर्जाच्या वहीत अशी चढत जाते. ब्रिटिश मुलुखात १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याने बी व बैल ह्यांच्या खरेदीसाठी सरकारी कर्जाची सोय केली. ‘तगाई’ हा शब्द त्यामुळे घरोघर पोचला. शिरूर कासारच्या पश्चिमेस लागून असलेला पाथर्डीचा भाग मुंबई इलाख्यात होता. बीड जिल्हा मात्र १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. डोंगराच्या दोन बाजूंचे बी एकच असले तरी त्यावरील कायदे निराळे होते.

४. भिजवण्याची परंपरा

बी कोरडे ठेवणे ही कलेची एक बाजू. पेरणीपूर्वी त्यास ओल व पोषण देणे ही दुसरी. हिचे उल्लेख फार जुने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाची, म्हणजे राजाच्या शेतीवरील अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना बियाण्यावरील उपचार दिले आहेत. धान्याच्या बियांना सात रात्रींपर्यंत रात्री दव पाजावे व दिवसा उन्हात सुकवावे. शेंगधान्यांना हेच तीन किंवा पाच रात्री करावे. कांडीने लावायच्या पिकाच्या कापलेल्या टोकास मध, तूप, डुकराची चरबी व शेण लावावे. हाडासारख्या कठीण बियांस शेणाचा लेप द्यावा, असा तेथील आशय आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या प्रकरणात बी दहा दिवस दुधात भिजवून, तुपाच्या हाताने चोळून, शेणात घोळवण्याचा विधी आहे. भारताबाहेरही हेच दिसते. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस काकडीचे बी दुधात वा पाण्यात भिजवण्याविषयी लिहितो, आणि रोमन कवी व्हर्जिल आपल्या कृषिकाव्यात द्विदल बी क्षार व तेलाचा गाळ ह्यांत भिजवणाऱ्यांचा उल्लेख करतो.

ह्या विधींपैकी दुधा-तुपाचा व चरबीचा भाग बाजूस ठेवला तर मागे काय उरते? उरते ती ओल देण्याची व पुन्हा सुकवण्याची क्रिया. कौटिल्याने सांगितलेला दव व ऊन ह्यांचा आळीपाळीने उपचार ह्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्यात पोषक द्रव्य एकही नाही, केवळ पाण्याचे देणे व घेणे आहे. विसाव्या शतकात जर्मन-ब्रिटिश शास्त्रज्ञ हायडेकर ह्यांनी १९७३ साली मर्यादित ओलाव्यात बी ठेवून उगवण जलद करता येते हे दाखवले, आणि बंगालमध्ये आर. एन. बसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठवणीतील बी मध्येच भिजवून परत सुकवण्याने त्याची शक्ती टिकते, ह्याचा पुढील दशकांत अभ्यास केला. १९९० नंतर डेव्हिड हॅरिस ह्यांनी भारतातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या सहभागाने मका, भात व हरभरा ह्यांचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वरवर सुकवून पेरण्याचे प्रयोग केले. जुन्या विधीतील कोणता अंश कार्यकारी होता, ह्याचे उत्तर ह्या प्रयोगांनी बऱ्याच अंशी दिले आहे. हे सारे उपचार शास्त्रज्ञांच्या आधी कोणास ठाऊक नव्हते असे म्हणणे जसे चुकीचे, तसेच प्राचीनांस आजचे शास्त्र अवगत होते असे म्हणणेही चुकीचेच. त्यांस क्रिया ठाऊक होती. कारण ठाऊक नव्हते.

मराठीत आज ह्या क्रियेस दोन नावे आहेत. कृषिखाते ‘बीजप्रक्रिया’ म्हणते. परंपरेकडे झुकणारे लोक ‘बीजसंस्कार’ म्हणतात. विदर्भातील सुभाष पाळेकर ह्यांनी प्रचारात आणलेल्या ‘बीजामृता’त शेण, गोमूत्र, चुना, माती व पाणी असते, कौटिल्याच्या शेणलेपाशी त्याचे नाते दिसते. ‘प्रक्रिया’ ह्या शब्दात बी ही वस्तू आहे, तर ‘संस्कार’ ह्या शब्दात ती जन्मास येणारी व्यक्ती आहे. दोन्ही शब्द एकाच बादलीतील क्रियेस लागतात, परंतु त्यांचे बोलणारे निराळे आहेत.

५. परीक्षा : घट, मटकी आणि गोणपाट

बी जिवंत आहे हे ओळखण्याच्या रीतीही शब्दांत व आचारांत दडलेल्या आहेत. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघर घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत नाना धान्यांचे दाणे पेरतात, मध्ये पाण्याचा घट ठेवतात. त्यातून पाझरणाऱ्या ओलीवर नऊ दिवसांत धान्य उगवते. अंबाजोगाईची योगेश्वरी, तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका ह्यांच्या छायेतील ह्या प्रदेशात हा आचार विशेष निष्ठेने पाळला जातो. कोणते धान्य जोमाने वर आले ह्यावरून येत्या हंगामाचा कौल घेतात. ह्या विधीचा मूळ हेतू देवीची उपासना हाच आहे, आणि तो बियाण्याच्या चाचणीसाठीच निर्माण झाला असे म्हणण्यास आधार नाही. तथापि रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर, घरातल्या बियाण्यातील चार दाणे अंधाऱ्या, उबदार कोपऱ्यात मातीत पडतात व त्यांची उगवण साऱ्या घराच्या डोळ्यांपुढे येते, हा योगायोग उपयुक्त होता एवढे निश्चित.

स्वयंपाकघराचा अनुभव ह्याहून बारीक आहे. मटकी, मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ‘मोड’ आणले जातात. त्यात तीन प्रकारचे दाणे हाती येतात : मोड आलेले; फुगून बुळबुळीत झालेले व वास येणारे; आणि भिजलेच नाहीत असे टणक. ह्या तिसऱ्या प्रकारास मराठीत ‘गणंग’ किंवा ‘कुचर’ म्हणतात. आधुनिक बीजपरीक्षणातही हे वर्ग आढळतात. टणक राहिलेले द्विदल बी मृत समजत नाहीत. त्याचे आवरण पाण्यास अभेद्य असते एवढेच, म्हणून त्याची गणना वेगळी करतात. बुळबुळीत झालेले बी मात्र मृत होय. भाषेने ह्या दोहोंस एका नावाखाली घातले नाही, ही गोष्ट निरीक्षणाच्या कसोटीस उतरते.

शास्त्रीय परीक्षेचा आरंभ जर्मनीतील थारांट येथे फ्रीडरिख नोबे ह्यांनी १८६९ साली केला. आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. कृषिखाते आज शेतकऱ्यांना जी सोपी रीत शिकवते ती ह्याच कुळातली : ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी, आणि साधारण आठवड्याने सशक्त कोंभ मोजावेत. जितके कोंभ तितके टक्के. ह्या परीक्षेस गोणपाट, पाणी व गणतीपलीकडे काही लागत नाही.

६. घरचे बी आणि विकतचे बी

हैदराबाद संस्थानच्या काळात परभणी येथे १९१८ साली प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. तेथे १९५६ साली कृषि महाविद्यालय व १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक ह्यांच्या नावाने ओळखले जाते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथून निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ ही रब्बी ज्वारी बीडच्या शिवारातही रुळली. हे सुधारलेले वाण असले तरी त्याचे बी घरी धरता येत होते. ‘वाण’ हा शब्द ‘वर्ण’ ह्यापासून आलेला आहे. रंगावरून जात ओळखण्याची जुनी दृष्टी त्यात टिकून आहे.

खरा बदल संकराने झाला. संकरित ज्वारी ‘सीएसएच-१’ १९६४ साली व संकरित बाजरी ‘एचबी-१’ १९६५ साली प्रसृत झाली. संकरिताचे बी पुढील वर्षी पेरले तर तेच पीक मिळत नाही. म्हणून दरवर्षी बी विकत घेणे क्रमप्राप्त झाले. राष्ट्रीय बीज निगम १९६३ साली, बियाणे कायदा १९६६ साली व महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे ‘महाबीज’, १९७६ साली अस्तित्वात आले. बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा किमान टक्का छापणे बंधनकारक झाले. प्रमाणित बियाण्यासाठी ज्वारी, बाजरी, तूर व मूग ह्यांस ७५, हरभऱ्यास ८५ व सोयाबीनला ७० टक्के ही मर्यादा आहे. पूर्वी ‘बी चांगले आहे’ हा घरातील वडीलधाऱ्या बाईचा निर्णय होता. आता तो छापील आकडा झाला. आकडा अधिक काटेकोर, ह्यात शंका नाही. परंतु तो परीक्षेच्या दिवसाचा आकडा असतो. गोदामातील उन्हाळ्यानंतरचा नव्हे.

सोयाबीनच्या बाबतीत हा भेद विशेष महाग पडला. ह्या बियाण्यात तेल अधिक व आवरण पातळ. हाताळणीत ते सहज चिरते आणि त्यातील स्निग्ध द्रव्यांचे विघटन लवकर होते. २०१९ च्या काढणीच्या वेळी परतीच्या पावसाने उभे पीक भिजले. २०२० च्या खरिपात बी उगवले नाही अशा तक्रारी मराठवाड्यातून मोठ्या संख्येने आल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. ह्यानंतर घरचे सोयाबीन बी राखावे व गोणपाटावर तपासून पेरावे, ह्या प्रचारास कृषिखात्याकडून जोर आला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री जाहीर झाली तीही २०२० साली. शेतकऱ्याचा बी राखण्याचा व त्याची देवघेव करण्याचा हक्क तर २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने मान्य केलेलाच आहे. अशा रीतीने अर्धशतकानंतर ‘घरचे बी’ हा शब्दप्रयोग पुन्हा प्रतिष्ठित झाला.

७. शेवाळाचे आगमन

‘शेवाळ’ हा शब्द संस्कृत ‘शैवाल’ ह्यापासून आलेला आहे. संस्कृत काव्यात शैवल कमळाच्या सहवासात येते. मराठी व्यवहारात शेवाळ म्हणजे बारवेच्या पायरीवरून पाय घसरवणारी हिरवी बुळबुळ. बीडसारख्या कोरड्या मुलुखात तिच्याकडे खत म्हणून कोणी पाहिले नाही. भातशेतीच्या प्रदेशात गोष्ट निराळी होती. निळे-हिरवे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते व भाताच्या खाचरांची सुपीकता राखते, हे ढाक्क्याचे पी. के. डे ह्यांनी १९३९ साली दाखवले. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन् ह्यांनी ते खत म्हणून प्रसारित केले. त्याला साचलेले पाणी लागते. त्यामुळे बाजरी-ज्वारीच्या मुलुखात त्याचा शिरकाव झाला नाही.

समुद्रशैवलाचा मार्ग दुसरा होता. आयर्लंड, स्कॉटलंड व ब्रिटनीच्या किनाऱ्यांवर ते शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. परंतु ओले शैवल किनाऱ्यापासून दूर नेणे परवडत नसे. दुसऱ्या महायुद्धात ताग मिळेनासा झाला तेव्हा शैवलापासून धागा काढण्याचे प्रयत्न इंग्लंडात झाले. त्यात गुंतलेले रेजिनल्ड मिल्टन ह्यांना धाग्यापेक्षा द्रवरूप अर्काची कृती उपयोगी पडली, आणि १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शैवलाचा अर्क बाटलीतून शेतात जाऊ लागला. भारतात भावनगर येथील केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने, जी १९५४ साली स्थापन झाली, ‘कप्पाफायकस’ ह्या लाल शैवलाचा ताजा रस काढून तो पिकांस देण्याची कृती विकसित केली. तिला २००५ साली अमेरिकेत एकस्व मिळाले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वाढवलेले शैवल अशा रीतीने समुद्र कधी न पाहिलेल्या शिवारांपर्यंत पोचू शकले.

ह्या अर्कात बियाण्यास उपयोगी असे काय असते? पालाश व सूक्ष्म खनिजे, बीटेन वर्गातील द्रव्ये, शैवलातील विशिष्ट शर्करायुक्त द्रव्ये, आणि अत्यल्प प्रमाणात वाढीची संप्रेरके किंवा त्यांसारखी क्रिया करणारी द्रव्ये. साठवणीत म्हातारे झालेले बी पाणी घेऊ लागले की त्याच्या पेशींची झिजलेली पटले प्रथम दुरुस्त व्हावी लागतात; तोवर आतील क्षार व शर्करा बाहेर झिरपतात आणि बुरशीस आमंत्रण मिळते. दुरुस्तीचा हा काळ निभावण्यास सौम्य अर्क साहाय्य करतो, कोंभ लवकर व एकसारखे येतात, रोपाचा आरंभीचा जोम वाढतो, असे अनेक पिकांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

परंतु ह्याच प्रयोगांनी तीन मर्यादाही दाखवल्या आहेत. पहिली प्रमाणाची : सौम्य अर्क हितकर, तर तीव्र अर्क त्यातील क्षारांमुळे उगवण रोखतो. दुसरी तुलनेची : अर्कात भिजवलेले बी कोरड्या बियाण्याशी ताडून पाहिले तर सारे श्रेय शैवलास मिळते, ते साध्या पाण्यात तितकाच वेळ भिजवून सुकवलेल्या बियाण्याशी ताडले पाहिजे, कारण लाभाचा मोठा वाटा पाण्याचाही असू शकतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची : क्षीण बियाण्यास साहाय्य करता येते, मृत बियाण्यास नव्हे. शिवाय सोयाबीनसारखे नाजूक आवरणाचे बी पाण्यात बुडवले तर पाणी एकदम आत घुसून पटले फाटतात. तेथे बुडवण्याऐवजी हलके चोळणेच इष्ट.

८. नावाचा परिणाम

बाजारात अशा द्रावणांस सरसकट ‘टॉनिक’ म्हणतात. हा शब्द वैद्यकातून आला आहे व आजारी माणसाला उभे करणाऱ्या बाटलीचे चित्र सोबत घेऊन येतो. त्यामुळे पैसे मोजताना शेतकरी नकळत असे गृहीत धरतो की बी कसेही असो, ते उभे राहील. भारत सरकारने २३ फेब्रुवारी २०२१ च्या अधिसूचनेने खत नियंत्रण आदेशात ‘जैव-उत्तेजक’ हा स्वतंत्र वर्ग घातला व समुद्रशैवलाचे अर्क त्यात समाविष्ट केले. ह्या व्याख्येनुसार असे द्रव्य वनस्पती, बी किंवा मुळांभोवतीची माती ह्यांस दिल्यावर त्यांच्या जीवनक्रिया उद्दीपित करते. कीटकनाशके व वाढनियंत्रक रसायने ह्या वर्गाबाहेर ठेवली आहेत. ‘उत्तेजक’ हा शब्द ‘टॉनिक’पेक्षा अधिक नेमका आहे. जे आहे त्यासच उत्तेजन देता येते. जे नाही ते निर्माण करण्याचा दावा त्यात नाही. शासकीय परिभाषा पुष्कळदा बोजड म्हणून हसण्यावारी नेली जाते. येथे मात्र बोजड शब्दच शेतकऱ्याचे हित अधिक राखतो.

ह्या साऱ्या विवेचनातून एक क्रम हाती येतो. बी कोरडे राखणे, पेरणीपूर्वी त्याची परीक्षा करणे, आणि मग त्यास ओल व उत्तेजन देणे, ह्या तीन क्रिया ह्याच अनुक्रमाने उपयोगी पडतात. जुन्या घरात मडके, मोड व भिजवण ह्यांनी हा क्रम बऱ्याच अंशी साधला जात होता. पिशवीच्या युगात पहिल्या दोन क्रिया घराबाहेर गेल्या आणि तिसरी तेवढी दुकानातून घरी आली. शेवाळाच्या अर्काविषयीचा खरा प्रश्न म्हणूनच त्याच्या गुणाचा नसून क्रमातील त्याच्या जागेचा आहे. गोणपाटावर पंचावन्न-साठ कोंभ दाखवणाऱ्या बियाण्यास सौम्य अर्काचा किंवा साध्या पाण्याचा उपचार करून, आणि बियाण्याचे प्रमाण वाढवून, हंगाम साधता येईल. दहा-पंधरा कोंभ दाखवणाऱ्या बियाण्यावर कोणताही अर्क खर्च करणे व्यर्थ आहे.

शिरूर कासारच्या मुरमाड माळावर वाफसा थोडेच दिवस टिकतो. तेवढ्या अवधीत बी बदलण्यास वेळ नसतो. ते आठवडाभर आधी तपासण्यास मात्र असतो. ‘बी’ आणि ‘दाणा’ ह्यांत भेद करणाऱ्या, ‘गणंग’ आणि कुजका ह्यांस वेगळे ओळखणाऱ्या भाषेने ही परीक्षा कधीच आवश्यक मानली होती. ते शब्द आज मागे पडत आहेत. त्यांच्याबरोबर ती सवयही मागे पडू नये, एवढ्यासाठी तरी त्यांची नोंद होणे अगत्याचे आहे.